स्टेशनसमोरच्या लॉजच्या गल्ल्यांचा नकाशा: कामाच्या नोंदी, जानेवारी ते जून २०२५

५ जानेवारी, रविवार

आज काम सुरू केले. पुणे स्टेशनमधून बाहेर पडले की समोरचा रस्ता ओलांडून विल्सन गार्डनचा भाग लागतो, त्याच्या मागे कॅनॉट रोड. एका अंगाला अलंकार टॉकीज, दुसऱ्या अंगाला ससून रुग्णालयाकडे जाणारा रस्ता. एवढ्या तुकड्यात जुने लॉज आणि हॉटेले अजून दाटीने उभी आहेत. काहींना लाकडी गॅलरी आहे, काहींचे खालचे मजले मोबाइलच्या दुकानांनी व्यापले आहेत, दोन इमारती गेल्या दोन वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत पाडल्या गेल्या. त्यांचे एकही माप कुणाकडे नाही. म्हणून हे काम.

माझे वडील १९६० च्या दशकात आजीला ससूनमध्ये दाखवायला मिरजेहून आणत. ते इथल्याच एका लॉजवर उतरत. कोणत्या, ते त्यांना शेवटपर्यंत आठवले नाही. "लांब गॅलरी होती आणि गाडीची शिट्टी खोलीत ऐकू यायची," एवढेच सांगायचे.

मी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कार्यालयात बावीस वर्षे आरेखक आहे. सोबत आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा. ठरवले ते असे: गल्ल्यांचा नकाशा १:५०० प्रमाणात, निवडक इमारतींच्या दर्शनी बाजू १:१०० मध्ये, आणि प्रत्येक इमारतीची एक पान नोंद. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये. ड्रोनचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, परवानगीत वर्ष गेले असते.

पहिला दिवस फक्त चालण्यात गेला आणि पहिली चूकही झाली. यादी करताना भाच्याने "हॉटेल" असे लिहिलेली प्रत्येक पाटी धरली. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-मिसळ मिळते तेही, आणि खोली मिळते तेही. संध्याकाळी यादी पाहिली तर निम्मी नावे नुसत्या खाण्याच्या जागांची. पुन्हा फिरून तीन रकाने केले: राहण्याची सोय, खाण्याची सोय, दोन्ही. जुन्या पाट्यांवर "बोर्डिंग अँड लॉजिंग" लिहिलेले असते, तो तिसरा रकाना. तुम्ही मिरजेत, मनमाडला किंवा सोलापुरात हे काम करणार असाल तर घरून निघण्याआधीच हे तीन रकाने आखून घ्या.

१२ जानेवारी, रविवार

वाया गेलेला दिवस. गळ्यात कॅमेरा घालून गॅलऱ्यांचे फोटो काढत सुटलो. तिसऱ्या इमारतीपाशी मॅनेजर खाली आले आणि कशासाठी फोटो काढता म्हणून हटकले. त्यांचे बरोबर होते. लॉजवर उतरणाऱ्या माणसाला आपला फोटो निघालेला नको असतो, आणि मालकाला वाटते बिल्डरचा माणूस मोजणीला आला. अर्ध्या तासात ही बातमी पूर्ण गल्लीत पोचली. नंतर ज्या दारात गेलो तिथे "मालक नाहीत" हेच उत्तर.

१८ आणि १९ जानेवारी

शनिवारी संध्याकाळी मी याच भागातल्या एका दुमजली लॉजमध्ये रीतसर खोली घेतली. ९०० रुपये. आधार कार्ड दिले, रजिस्टरमध्ये सही केली, "येण्याचे कारण" या रकान्यात "इमारतीचे रेखाटन" असे लिहिले. काउंटरवरच्या काकांनी ते दोनदा वाचले. रात्री नऊनंतर गर्दी ओसरल्यावर त्यांना माझे आधीच्या एका वाड्याचे रेखाटन दाखवले. सकाळी त्यांनी स्वतः गॅलरीचे दार उघडून दिले.

काका या लॉजवर सत्तेचाळीस वर्षे आहेत. आधी रूमबॉय, मग मॅनेजर. त्यांची अट एकच: लॉजचे नाव आणि त्यांचे नाव लिहायचे नाही. म्हणून या नोंदींमध्ये तो "पहिला लॉज" आणि ते "काका".

९०० रुपये जास्त वाटतील, पण या कामात माझा सर्वांत उपयोगी पडलेला खर्च हाच. पहिल्या दिवशीच खोली घेतली असती तर दोन रविवार वाचले असते.

२६ जानेवारी, रविवार

भूमापनाच्या नकाशाची प्रत मिळवली होती. ती मोठी करून घेतली, ३४० रुपये. तिच्यावर गल्ल्या आखून घेतल्या. दुपारी प्रत्यक्ष टेप टाकून पाहिला: कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १०० मीटर. १:५०० मध्ये ते कागदावर २०० मिलिमीटर यायला हवे. आले १९४. दुकानातल्या मशीनने कागदात बसवण्यासाठी नकाशा ९७ टक्के केला होता. आठवडाभर रात्री बसून आखलेले सगळे चुकले.

उपाय साधा आहे आणि मला कामावर रोज माहीत असलेला आहे: प्रत काढण्याआधी मूळ नकाशावर पेन्सिलीने १०० मिलिमीटरची रेघ ओढायची, प्रत हातात आली की दुकानातच ती रेघ पट्टीने मोजायची. घाईत ते केले नाही. दुसरी प्रत, आणखी ३४० रुपये.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या लॉजची मोजणी. लेझर मीटर २,८०० रुपयांना घेतला होता. सकाळी दहानंतर उन्हात भिंतीवरचा लाल ठिपका दिसेनासा होतो. कठड्याच्या नक्षीतून किरण आरपार जातो आणि मागच्या भिंतीचे अंतर दाखवतो. खिडकीच्या काचेवर तर काहीही आकडा येतो. उपाय: मापाच्या टोकाला जाड पुठ्ठा धरून एक माणूस उभा करायचा, आणि बाहेरची मापे सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर घ्यायची. आत, खोल्यांमध्ये मीटर उत्तम चालतो.

मोठी चूक वेगळीच. भाचा प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, प्रत्येक दार वेगवेगळे मोजत गेला आणि मी बेरीज केली. बाहेरून लांबी ७८ फूट ६ इंच. आतली बेरीज ७३ फूट ८ इंच. पावणेपाच फुटांहून जास्त फरक. प्रत्येक मापात अर्धा-पाऊण इंच सुटला की वीस मापांत फुटाचा फरक पडतो, हे मान्य. पण एवढा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा मोजणी, या वेळी सलग मापाने. डाव्या कोपऱ्याला शून्य धरायचे, टेप एकदाच पूर्ण ताणायचा आणि प्रत्येक खांब, चौकट, भिंत कुठे येते ते त्याच टेपवर वाचत जायचे. चूक झाली तरी ती त्या एका जागेपुरती राहते, पुढे साठत जात नाही. आतही दारे उघडून एका रेषेत टेप टाकला.

आतली लांबी ७४ फूट १० इंच. म्हणजे १ फूट २ इंचांची चूक आमची होती. उरलेले ३ फूट ८ इंच इमारतीचे.

फरक सहा आणि सात नंबरच्या खोल्यांमध्ये होता. दोन्ही बाजूंनी भिंत वाजवून पाहिली, सातच्या बाजूने पोकळ आवाज. काकांना विचारले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिथं मागचा जिना होता, ताई. सफाईवाल्यांचा."

जुन्या लॉजच्या खोलीला दोन दारे असत. पुढचे गॅलरीत उघडणारे, पाहुण्यांचे. मागचे न्हाणीघराचे, आणि न्हाणीघरातून थेट बाहेर उतरणारा अरुंद जिना. संडासाची टोपली घेऊन जाणाऱ्या माणसाने पुढच्या गॅलरीत, पुढच्या जिन्यावर दिसायचे नाही, अशी ती रचना. बंगल्यांनाही ती असे, लॉजलाही. फ्लशचे संडास आल्यावर जिन्याचे काम संपले, दोन्ही बाजूंना वीट चढली. नऊ इंची भिंत वजा केली तर जिना २ फूट ११ इंच रुंद. काकांच्या आधीपासून या लॉजवर त्या जिन्याने येणाऱ्या बाईंना त्यांनी पाहिले होते. "त्या कधी पुढच्या दारानं आल्या नाहीत. मी इथं लागलो तेव्हा मलाही वाटायचं, असंच असतं."

मालकांचा मुलगा संध्याकाळी आला होता. त्याचे म्हणणे, गॅलरी, कठडे, नक्षी हे दाखवा, बंद जिना कशाला दाखवता. त्याच्याशी बराच वेळ बोलले. नकाशात बंद भिंत ठळक रेघेने आणि आतला जिना तुटक रेघेने दाखवला आहे, बाजूला "सफाई कामगारांचा जिना, नंतर बंद केलेला" असे लिहिले आहे. ते मी काढणार नाही. समोरची नक्षी ठेवायची आणि ज्यांच्या कष्टावर लॉज चालला त्यांची वाट पुसायची, असा नकाशा मला करायचा नाही. त्याने शेवटी हो म्हटले.

१६ फेब्रुवारी

भाच्याची परीक्षा. काम नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

इमारत किती जुनी, हा प्रश्न. इथे मी तीनदा चुकले, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या लॉजच्या पाटीवर "स्थापना १९४८" आहे. तेच वर्ष मी नोंदीच्या पानावर लिहून मोकळी झाले होते. पण पाटी धंद्याचे वर्ष सांगते, भिंतीचे नाही. मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद, काढली तर तिच्यातली सर्वांत जुनी नोंद १९३१ ची निघाली. (पत्रिकेसाठी तीन खेपा झाल्या, कारण मी शेजारच्या मिळकतीचा क्रमांक घेऊन गेले होते. आधी क्रमांक नकाशावर पक्का करा.)

मग छपरावरून चार कौले उतरवून पाहिली. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. आमच्या कौलांवर बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेचा ठसा होता. त्यांचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. भाचा आनंदाने उडालाच. इमारत एकोणिसाव्या शतकातली, असे त्याने लिहूनही टाकले. दुपारी छपराची डागडुजी करणारे कारागीर आले, त्यांनी खुलासा केला. १९८० च्या दशकात सगळे छप्पर नव्याने शाकारले होते आणि कौले जुन्या बाजारातून आणली होती. बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार इथून फार लांब नाही. पाडलेल्या बंगल्यांचा माल तिथे येतो. म्हणजे कौल कितीही जुने असले तरी ते या छपराचे म्हणून जुने नाही.

खात्रीचा पुरावा शेवटी जिन्याखाली मिळाला. पहिल्या मजल्याची जमीन लोखंडी तुळयांमधल्या विटांच्या छोट्या कमानींवर आहे. एका तुळईचा रंग खरवडला तर इंग्रजीत टाटाचे नाव उठून आले. जमशेदपूरला पोलाद तयार होऊ लागले १९१२ मध्ये. म्हणजे ही जमीन त्याआधीची असूच शकत नाही. तुळई भिंतीत रोवलेली असते, कौलासारखी सहज बदलता येत नाही. आता नोंदीत लिहिले आहे: "१९१२ नंतर, १९३१ पूर्वी." एक नेमके वर्ष लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो.

स्टेशनची आत्ताची इमारत १९२५ ची आहे, तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आमचा लॉज त्याच पिढीतला.

९ मार्च, रविवार

काकांनी माळ्यावरची जुनी रजिस्टरे खाली काढली. लाल कापडी बांधणीची, काहींना वाळवी लागलेली. सराई चालवणाऱ्याने आपल्या सराईची सरकारी दप्तरी नोंद करावी, असा कायदा इंग्रजांनी १८६७ मध्येच केला होता. रजिस्टरात कोण आले, कुठून आले, कुठे जाणार, कारण काय, असे रकाने.

पहिल्या तासात आम्ही सत्तर पानांचे फोटो काढले. मग माझ्या लक्षात आले की आपण काय करतो आहोत. यात माणसांची नावे आहेत, पत्ते आहेत, सह्या आहेत. कुणी कुणासोबत, कोणत्या दुखण्यासाठी आले ते आहे. त्यांची मुले-नातवंडे आज असतील. सत्तरच्या सत्तर फोटो काकांच्या समोर पुसले.

नवी पद्धत: नावाच्या आणि पत्त्याच्या रकान्यावर जाड कागदाची पट्टी ठेवायची आणि फक्त चार गोष्टी वहीत उतरवायच्या. गाव, येण्याची वेळ, किती रात्री, कारण. हे हाताने होते आणि हळू होते. १९६४ च्या जुलै ते सप्टेंबरचे एक रजिस्टर उतरवायला मला आणि भाच्याला तीन रविवार लागले. तरी दुसरा कोणताही मार्ग मला योग्य वाटत नाही.

३० मार्च, रविवार (गुढीपाडवा)

काकांनी काउंटरवर गुढी उभारली होती. श्रीखंड-पुरी खाऊन वहीतले रकाने मांडले.

येण्याच्या वेळा दिवसभर सारख्या पसरलेल्या नाहीत, त्यांचे झुपके आहेत. रात्री उशिरा एक, पहाटे एक, संध्याकाळी एक. गावे पाहिली तर मिरज, कोल्हापूर, सातारा, कराड यांची रांग एका झुपक्यात. कारणाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा तेच शब्द: ससून, कोर्ट, भरती, लग्न, "पुढे मुंबई". पावसाळ्याच्या महिन्यांत मध्येच "रेस".

मी तीन महिने इमारती मोजत होते आणि गल्ली का उभी राहिली ते मला नीट सांगता येत नव्हते. काकांनी वहीवर नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, आमचं गिऱ्हाईक बोर्ड बघून येत नाही. गाडी बघून येतं. म्हणून तर आमचा चेक-आउट चोवीस तासांचा. दुपारी बाराचा ठेवला तर रात्री दोनला उतरलेल्या माणसानं काय करायचं?"

त्या रात्री नकाशाची मांडणी बदलली. आधी फक्त इमारतींचे चौकोन होते. आता त्यांच्यामागे गाड्या हव्या होत्या.

६ एप्रिल, रविवार

गाड्यांचा कागद. यात अडखळायला झाले नाही, कारण रुळांची वर्षे पक्की आहेत. ज्यांना आपल्या गावासाठी असाच कागद करायचा आहे त्यांच्यासाठी कसा वाचायचा ते लिहिते.

मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आला १८५६ मध्ये. खंडाळा ते पुणे सुरू झाले १४ जून १८५८ ला. मध्ये बोरघाट. घाटातला रूळ १८६३ मध्ये झाला, तोवर माणसे पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढून पलीकडच्या गाडीत बसत. असा प्रवासी पुण्यात पोचायचा तो थकून. आणि स्टेशन होते पेठांपासून दूर, लष्कराच्या कडेला. गावात नातेवाईक नसेल तर रात्री टांगा करून जायचे कुठे? झोप स्टेशनाच्या आसपासच हवी.

मग पावसाळा. मुंबईचे सरकार पावसाळ्यात पुण्याला येई, गणेशखिंडीतले गव्हर्नरचे निवासस्थान त्यासाठीच. त्याच महिन्यांत घोड्यांच्या शर्यती. साहेबलोकांसाठीची बागबगीच्यातली मोठी हॉटेले या वर्दळीवर चालली. कॅनॉट रोडच्या बाजूला पूर्वी प्रशस्त आवारे होती ती याच काळाची खूण. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते ड्यूक ऑफ कॅनॉट १८८६ ते १८९० मुंबई सैन्याचे सरसेनापती होते.

पण आमच्या गल्लीतले छोटे लॉज साहेबांचे नव्हेत. ते रुळांच्या रुंदीचे आहेत. पुण्याहून मिरज, बेळगावकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग मीटरगेज होता, रुळांत १००० मिलिमीटर अंतर. मुंबईचा ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जात नाही. कोल्हापूर-मिरजेकडून येऊन पुढे मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला पुण्यात उतरून, सामान उचलून दुसरी गाडी धरावी लागे. जोडगाडी चुकली की रात्र इथे. १९७१ च्या सुमारास कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज झाला आणि ही सक्तीची रात्र संपली. काकांनी उलट बाजूने तेच सांगितले: ते कामाला लागले तेव्हा जुने नोकर म्हणायचे, "पूर्वी कोल्हापूरवाले जायचे म्हणून थांबायचे, आता फक्त ससूनसाठी थांबतात."

माझे वडील आजीला घेऊन यायचे ते याच मीटरगेजने. "गाडीची शिट्टी खोलीत ऐकू यायची" हे वाक्य मी इतकी वर्षे ऐकले आणि त्यामागचा रूळ मला आज कळला.

उलटा परिणाम करणारी गाडीही आहे. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. सकाळी मुंबईला जाऊन रात्री घरी परत, असा पुणेकर प्रवासी तिने घडवला. त्याला लॉज लागत नाही. नकाशावर लॉज वाढवणाऱ्या गाड्या लाल रेघेने आणि लॉजची गरज कमी करणाऱ्या निळ्या रेघेने दाखवल्या आहेत.

१९७४ पासून कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम आला, परदेशी लोक यायला लागले. ज्यांना तिथे परवडत नसे ते इथे राहत. परदेशी पाहुण्यासाठी वेगळा सी फॉर्म भरून पोलिसांकडे द्यावा लागे, तो भरण्याचे काम तेव्हा तरुण असलेल्या काकांकडे होते. इंग्रजी अक्षरे ते त्या फॉर्मवर शिकले.

२० एप्रिल, रविवार

मोठे नुकसान. बाहेरची हार्ड डिस्क टेबलावरून पडली. फेब्रुवारीपासूनचे दर्शनी बाजूंचे सगळे फोटो त्यात. दुरुस्तीच्या दुकानात ६,५०० रुपये सांगितले, तेही खात्री नाही. खर्च केला नाही. वहीतली मापे वाचली कारण ती कागदावर होती, आणि प्रत्येक पानाचा फोटो भाच्याच्या फोनमध्ये होता. दर्शनी बाजूंचे फोटो पुन्हा काढावे लागतील. आता रोज घरी आल्यावर दोन जागी प्रत, आणि तिसरी ऑनलाइन.

४ मे, रविवार

पहाटे साडेपाच ते साडेसात पुन्हा फोटो. उन्हाळ्यात ही वेळ सर्वांत चांगली: ऊन तिरपे असते, नक्षी उठून दिसते, रिक्षांची रांग अजून लागलेली नसते. फोटो काढताना प्रत्येक खांबाजवळ एक मीटरची रंगीत पट्टी उभी केली. फेब्रुवारीत ती ठेवली नव्हती, त्यामुळे हरवलेले फोटो सापडले असते तरी त्यांवरून माप काढता आले नसते. म्हणजे ते काम तसेही दुसऱ्यांदा करावेच लागले असते.

पहिल्या लॉजचे कठडे बिडाचे आहेत, लाकडाचे नव्हेत. रंगाचे इतके थर चढले आहेत की चार महिने आम्ही लाकूड समजत होतो. लोहचुंबक लावला आणि चिकटला. दहा रुपयांचा लोहचुंबक पहिल्या दिवसापासून खिशात असायला हवा.

१८ मे, रविवार

कोपऱ्यावरच्या तिसऱ्या लॉजची गॅलरी उतरवायला सुरुवात झाली. मालकांनी आधी सांगितले नव्हते, त्यांची ती जबाबदारीही नव्हती. सागवानी खांब खाली आडवे टाकलेले. मुकादमाला विनंती केली, त्याने दोन तास दिले. खांब जमिनीवर असल्याने मोजायला सोपे गेले: उंची, खालची बैठक, वरचे कोरीव काम, आणि खांब तुळईत बसतो ती खाच किती खोल आहे तेही, जे उभ्या इमारतीत कधीच दिसले नसते. दोन खांब विकत मागितले, भाव परवडला नाही. ते कुठल्या तरी फार्महाउसला जातील. मापे आमच्याकडे आहेत. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेले नाही.

२५ मे, रविवार

यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळतो आहे. बाहेरची मापे थांबवली. पहिल्या लॉजच्या गॅलरीत बसून रेखाटनांना शाई दिली. शेजारच्या खोलीतले बार्शीचे एक कुटुंब ससूनमधून दुपारी परत आले. आजोबांनी नकाशा पाहिला आणि विचारले, यात ससूनकडे जायचा जवळचा रस्ता कुठला. आमच्या नकाशात तो नव्हताच. लॉजच्या दारापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत चालत किती वेळ लागतो, हे ज्या गल्लीत अर्धे लोक त्यासाठीच राहतात तिच्या नकाशात नसावे, याचे मला वाईट वाटले. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आजोबांच्या चालीने चालून पाहिले आणि वेळ लिहिली. तुमचा नकाशा कोण वापरणार, हे आधी त्या जागी झोपणाऱ्यांना विचारा.

१ जून, रविवार

आजवरचा खर्च: लेझर मीटर २,८००, खोलीची तीन रात्रींची भाडी २,७००, नकाशाच्या प्रती ६८०, मिळकत पत्रिका आणि खेपा १,१५०, कागद-शाई १,९००, नवी हार्ड डिस्क ४,२००, छपाई २,३५०. एकूण १५,७८०. मर्यादेच्या वर ७८० गेले. वेळ: पाच महिन्यांतले एकोणीस दिवस, त्यांतले पाच पूर्ण वाया.

झाले आहे ते असे: गल्ल्यांचा नकाशा, गाड्यांचा कागद, अकरा इमारतींच्या एकेका पानाच्या नोंदी, चार दर्शनी बाजू पूर्ण.

सकाळी डेक्कन क्वीनचा वाढदिवस म्हणून फलाटावर गर्दी होती, सव्वासातला गाडी सुटली. तिथून छापील कागद घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला. बंद जिन्याच्या तुटक रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाले, पायऱ्या अकरा नव्हत्या, तेरा होत्या. खालच्या दोन अंगण उचलले तेव्हा गाडल्या गेल्या. शाईने दुरुस्त केले, तारीख घातली.

मग त्यांनी शेजारच्या लॉजच्या मॅनेजरना फोन लावला. त्यांच्याकडे तसाच मागचा जिना आहे, बंद न केलेला, फक्त दाराला कुलूप. किल्ली मालकांच्या घरी, वानवडीला. पुढच्या रविवारी आठ वाजता येऊन मिळेल म्हणाले. पाऊस असला तरी तो जिना छपराखाली आहे, मोजता येईल. टेप, पुठ्ठा, लोहचुंबक, टॉर्च बरोबर घ्यायचे आहेत.